न्यायाधीशांच्या आईची विचारपूस

स्वीडन, १६ ऑक्टोबर २०१६

खालाजान,

सलाम. बरी आहेस ना? गुडघा बरा आहे ना? थकली नाहीस ना? घर, अंगण, कोंबड्या, द्राक्षाचा मांडव, सगळं ठीक? झेबोगुलबीबीचा राग ठीक? मी इथे अगदी मजेत आहे, शुक्र खुदाचा.

एवढं लिहिल्याशिवाय पत्राला तोंड फोडलं तर सख्खी मावशी असूनही तू कान पिळशील, हे मला ठाऊक आहे. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि शाळेत बाकीच्यांबरोबर मलाही छड्या दिल्यास. इथली पोरं घरी फोन लावतात, दोन मिनिटं बोलतात आणि मोकळी होतात. मला मात्र तुझा हुकूम आहे: फोनवर रडू येतं, कागदावर लिही आणि कागदाचा फोटो पाठव. वर पुन्हा माझ्या अक्षराची खोड काढतेस ती वेगळीच.

बातमी अशी, की माझी मोठी मुलाखत झाली. इथे राहायला मिळणार की नाही ते तिच्यावर ठरतं. अधिकारीबाई तरुण होती, केस माझ्यापेक्षा आखूड. तिने आधी पाणी दिलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "तुमच्या घरचे कसे आहेत?" खालाजान, तुझं नाव राखलं बघ. मी म्हटलं, "शुक्र, सगळे खुशाल आहेत. तुमच्या घरचे कसे आहेत?" ती जरा गडबडली. मग म्हणाली, "मावशींना तिकडे काही त्रास?" मी म्हटलं, "तुमच्या कृपेने काही नाही." परक्या बाईच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर आपली रड तिच्या पदरात ओतायची म्हणजे काय! दुताराचं सांगितलं मी नंतर. डोंगरावरची माणसं लग्नात घुसली, माझा दुतार जोत्यावर आपटून फोडला, पुन्हा वाजवशील तर बोटं राहणार नाहीत म्हणाली, हे सगळं सांगितलं. पण थोडक्यात. तिने सगळं लिहून घेतलं आणि जाताना हात मिळवला.

बाकी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासतो. एके दिवशी त्यांच्या चहात वेलदोडा टाकला. आता म्हातारे वेलदोड्याशिवाय कप हातात घेत नाहीत आणि मुदपाकवाल्या बाई माझ्यावर डोळे वटारतात.

पोरांत सध्या एक धास्ती आहे. आपल्या सरकारने इकडच्या सरकारांशी करार केलाय म्हणे. ज्यांचा अर्ज नाकारला जाईल त्यांना विमानात बसवायचं आणि काबूलने त्यांना उतरवून घ्यायचं. मला काही काळजी नाही. माझी मुलाखत झकास झालीय.

तुझा,
समीम


हेरात, २ नोव्हेंबर २०१६

माझ्या डोळ्यांच्या उजेडा, समीमजान,

सलाम. तू बरा आहेस ना? पोटभर जेवतोस ना? छातीला थंडी लागत नाही ना? इथे सगळी खुशाली आहे.

मुलाखतीचं वाचून ऊर भरून आला. शेजारणीला वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात वळण! एवढ्या लांब जाऊनही पोरगं आधी समोरच्याच्या घरची चौकशी करतं.

त्या कराराचं मीही रेडिओवर ऐकलं. मला तर ही सोयरीकच वाटली. दोन्हीकडच्या मध्यस्थांनी बसून चहा प्यायचा, साखरेचं ताट फिरवायचं आणि लग्न ठरवून मोकळं व्हायचं. नवरदेवाला विचारलं का? नाही. तो कुठे निजेल ते पाहिलं का? तेही नाही. वर म्हणायचं, दोन्ही पक्ष राजी आहेत. पण तुझं तसं नाही, हे वाचून बरं वाटलं.

इथे यंदा द्राक्षं उशिरापर्यंत टिकली. कोंबड्या इतक्या माजल्यात की भिंतीवरून शेजारी जातात. तुझी खोली मी रोज झाडते. गुडघाही मेला शहाण्यासारखा वागतो. झेबोगुलचं विचारलंस. माझी ही नणंद जन्माला येताना जिभेवर मिरची ठेवून आली, दुसरं काय! आणि घोरते किती! काल तर तिच्या घोरण्याने कपाटातल्या बशा वाजत होत्या.

लग्नाचं काही मनात असेल तर लाजू नकोस. मुलगी कुठलीही चालेल, फक्त तिला पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारता आला पाहिजे.

तुझी,
माहजबीन खाला


स्वीडन, २८ जानेवारी २०१७

खालाजान,

सलाम. बरी आहेस ना, थकली नाहीस ना, सगळं खुशाल ना? झेबोगुलबीबी तुझ्याकडे मुक्कामाला आलीय की काय? तुमचं भांडण मिटलं असेल तर चांगलंच झालं.

मला नकार आला. थांब, रडू नकोस. कारण ऐकलंस तर तूच हसशील. कागदावर काय लिहिलंय माहीत आहे? "अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्याचे कुटुंबीय मूळ गावी सुरक्षित व आनंदात असून त्यांना कोणताही त्रास नाही." म्हणजे मी त्यांची विचारपूस केली आणि त्यांनी माझी साक्ष घेतली!

वसतिगृहात सांगितलं तर पोरं हसून लोळली. मग एकेकाने आपापला कागद काढला. गझनीच्या रहमतचा बाप बाँबस्फोटात जखमी झालेला, तरी त्याच्या कागदावर "वडील उत्तम". कुंदूजचं घर जळालेला एक आहे, त्याच्याही कागदावर "घर छान". सगळे तुझ्या शाळेत शिकल्यासारखे. माझी वकीलबाई इंगेर, साठीची, करडी, बर्फातून सायकलवर येते. तिने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "तुम्ही लोक मरताना तरी खरं सांगता का हो?" मी म्हटलं, "मरताना तर मुळीच नाही, आजूबाजूच्यांना वाईट वाटतं."

ती वर दाद मागू म्हणते. पण खालाजान, मी दमलो. विमानं सुटायला लागली आहेत. दारात पोलीस आले की पोरं जिन्याखाली लपतात. आणि मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. मांडव आहे, कोंबड्या आहेत, माझी खोली झाडलेली आहे. डोंगरावरची माणसं मला विसरली असतील. मग मी इथे भांडतोय कशासाठी? स्वतःहून परत जायची सही केली की ही मंडळी तिकीट देतात, उतरल्यावर चार दिवसांची सोय करतात, बेड्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी सही करणार आहे.

निर्णय घेतला आणि आज किती दिवसांनी गाढ झोपलो! नवरोजला मी घरी. सात मेव्यांचं पाणी करशील ना? अक्रोड सोलायला मीच बसेन. म्हाताऱ्यांना सांगितलं तर एकीने मला आपले लोकरी मोजे दिले, तुझ्या मापाचे.

आनंदात असलेला,
समीम


हेरात, १ फेब्रुवारी २०१७

समीमजान,

सलाम. तू बरा आहेस ना? इथे सगळी खुशाली आहे.

तुझं पत्र मिळालं. तू येणार म्हणजे आम्हाला आनंदच. कुणाला होणार नाही? पण घाई कशाला? यंदा थंडी फार आहे. अक्रोडही चांगले मिळत नाहीत. शिवाय घराला रंग द्यायचा आहे, त्या वासाने तुला खोकला येईल. वकीलबाई एवढी सायकलवरून येते, तर तिचा शब्द मोडणं बरं दिसत नाही. उन्हाळ्यात बघू.

बाकी काही काळजीचं नाही.

तुझी,
माहजबीन खाला


हेरात, १ फेब्रुवारी, दुपार

समीम,

मी झेबोगुल. तू बरा आहेस का ते मी विचारणार नाही, कारण नाहीस हे मला माहीत आहे. माहजबीन हमामात गेलीय आणि फोन इथेच विसरलीय, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, तुझ्या मावशीनेच म्हातारपणी शिकवलंय.

आमच्या मास्तरीणबाई सभ्य आहेत. मी नाही. म्हणून ऐक. घर नाही. गेल्या वसंतात ती माणसं आली आणि तुझं नाव घेऊन विचारलं, "तो दुतारवाला कुठाय?" तर ही काय म्हणाली असेल? "आधी चहा घ्या!" त्यांनी चहा घेतला. मग जेवण घेतलं. मग घरच घेतलं. आता तुझ्या खोलीत त्यांचा म्होरक्या निजतो. मांडव त्यांनी जळणाला तोडला. कोंबड्यांचं काय झालं असेल ते तुझं तू समज. एक तेवढी वाचली, ती काखेत आणि किटली हातात घेऊन ही माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणते कशी, "झेबोगुल, इकडून जात होते, म्हटलं तुझी खुशाली विचारावी." तेव्हापासून खुशाली विचारतेच आहे. रोज झाडते ती तुझी खोली म्हणजे माझी कोठी आहे. तिथे कांदे आहेत.

आणि मी घोरत नाही.

ती माणसं विसरलेली नाहीत. गेल्या महिन्यात बाजारात एकाने हिला अडवलं. म्हणाला, "परदेशातून लोकांना परत पाठवतायत म्हणे, तुमचा कधी येतोय? आम्ही वाट बघतोय." ही म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो," आणि घरी येऊन पडद्याआड रडली. मी चहाच्या समोवारचा नळ सोडून ठेवला, म्हणजे तिला वाटावं की मला ऐकू येत नाही.

सही करू नकोस. केलीस तर मीच विमानतळावर येऊन तुझी तंगडी मोडेन, त्या लोकांना कष्ट नकोत.

झेबोगुल


स्वीडन, ३ फेब्रुवारी २०१७

खालाजान,

सलाम.

मी सही केली नाही. जिथे सही करायची होती, त्याच टेबलाशी बसून इंगेरबाई आणि मी दाद मागायचा अर्ज लिहिला.

बीबीला रागावू नकोस. तिने मला वाचवलं. पण तुझ्यावर मी रागावलोय. घर गेलं आणि तू मला द्राक्षं लिहिलीस! तुझ्या खुशालीवर विसंबून मी त्यांच्या दारात चालत गेलो असतो, आणि वर त्यांच्यासाठी अक्रोड सोलले असते. आज दिवसभर तुझा राग आला आणि संध्याकाळी तुझे पाय धरावेसे वाटले.

कोर्ट तुझं म्हणणं फोनवर ऐकायला तयार होईल, असं इंगेरबाई म्हणते. न्यायाधीश विचारतील ते खरं सांगायचं. एवढंच कर.

समीम


हेरात, ९ फेब्रुवारी २०१७

समीमजान,

सलाम. झेबोगुलशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीठ कुठे ठेवलंय ते विचारावं लागलं.

बाळा, मी खोटं बोलले का? माणूस घरापासून लांब असला की त्याच्या पाठीवर आणखी ओझं टाकू नये, एवढंच आम्हाला शिकवलं. माझ्या आईने माझ्या बापाला सैन्यात असताना भाऊ गेल्याचंही कळवलं नव्हतं. तो आला तेव्हा आधी त्याला जेवायला वाढलं.

आता परक्या देशाच्या न्यायाधीशाला फोनवर सांगू, की माझ्या घरात चोर निजतात आणि मी नणंदेच्या कांद्यांत निजते? मला कसं जमायचं? तो कोण, त्याचं घर कुठलं, मला माहीत नाही. पण तू म्हणतोस तर प्रयत्न करीन.

सायकलवाल्या बाईंना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, डोक्याला काहीतरी बांधत जा.

माहजबीन खाला


स्वीडन, १४ जून २०१७

खालाजान, झेबोगुलबीबी,

तुम्ही दोघी फोनच्या पलीकडे होतात, इथे काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. म्हणून सगळं लिहितो.

खोली लहान. न्यायाधीश वयस्क, गाल तांबडे, चष्मा नाकाच्या टोकावर. टेबलावर फोन मोठ्या आवाजावर लावलेला, शेजारी काबूलकडचा दुभाषी. आणि खालाजान, तू सुरू झालीस. "सलाम, जजसाहेब. बरे आहात ना? थकला नाहीत ना? तब्येत? घर? मुलंबाळं?"

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई काय सांगतायत?"

दुभाषी म्हणाला, "अजून काही नाही. तुमची चौकशी करतायत."

"त्यांना सांगा, मी ठीक आहे."

दुभाष्याने सांगितलं. तू म्हणालीस, "शुक्र! आणि आईसाहेब? त्या बऱ्या आहेत ना?"

इंगेरबाईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. पण न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. खालाजान, या देशात कुणी विचारलं तर लोक उत्तर देतात! ते म्हणाले, "आई बरी नाही. गेल्या आठवड्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात आहे, आणि मला ओळखत नाही."

दुभाष्याने ते तुला सांगितलं. मग तुझा आवाज आला, अगदी हळू. "वय काय त्यांचं? हळद आणि अंड्याचा बलक एकत्र करून लावा म्हणावं. आणि ओळखत नसल्या तरी रोज जा. हाताला ओळख असते."

दुभाष्याने शब्द न् शब्द सांगितला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात, बाई?"

आणि तू म्हणालीस, "शुक्र, सगळी खुशाली आहे!"

मी तर टेबलावर डोकंच ठेवलं. तेवढ्यात मागून बीबीचा आवाज आला, इतका मोठा की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला. "माहजबीन! त्या बिचाऱ्याने तुला आईचं खरं सांगितलं आणि तू त्याला पोकळ खुशाली वाढतेस? लाज नाही वाटत? मोठी सभ्य!"

दुभाष्याने विचारलं, "हेही सांगू का?" न्यायाधीश म्हणाले, "हे तर सांगाच."

मग तू बोललीस. मी तुला असं कधी ऐकलं नव्हतं, खाला. ती माणसं कशी आली, माझं नाव कसं घेतलं, चहाचे पेले कसे रिकामे करून उलटे ठेवले, घराची चावी कशी मागून घेतली, बाजारात काय म्हणाले. न्यायाधीश मध्येमध्ये विचारत होते. गाव कोणतं, रस्ता कुठून, म्होरक्याचं नाव काय. तू शाळेत भूगोल शिकवायचीस तशी सांगत होतीस. शेवटी त्यांनी विचारलं, "समीम उद्या परत आला तर कुठे राहील?" तू म्हणालीस, "साहेब, तो आला तर मी त्याला कांद्यांच्या मागे लपवीन. पण त्याला गुणगुणायची सवय आहे."

मी रडलो. इंगेरबाई रडली नाही, तिने फक्त माझ्या पाठीवर धपाटा मारला. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझ्या मावशीला वकील करा, पण आधी त्या दुसऱ्या बाईला करा."

निकाल इथला उन्हाळा संपायच्या आत लागेल.

तुमचा,
समीम


स्वीडन, २२ ऑगस्ट २०१७

खालाजान, बीबी,

मिळालं! राहायला मिळालं! निकालात लिहिलंय, "साक्षीदार विश्वासार्ह आहे." पोरांनी मला उचलून अंगणभर फिरवलं. रहमतने तर आत्ताच इंगेरबाईला फोन लावलाय, त्याला आईची साक्ष लावायची आहे. मी एका म्हाताऱ्याच्या भिंतीवरची गिटार मागून घेतली आणि वृद्धाश्रमात दिवसाढवळ्या, खिडक्या उघड्या टाकून वाजवली. चुकीचं वाद्य, चुकीचे सूर, आणि सगळे नाचले, बसल्या बसल्या.

समीम


हेरात, २४ ऑगस्ट २०१७

समीमजान,

सलाम. मला आज फार आनंद झालाय आणि गुडघा फार दुखतोय. दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. झेबोगुल म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं तर म्हणाली, आता नुसतं "विश्वासार्ह" वाच. मग तिने कोठीतून साखरेत घोळलेल्या बदामांची बरणी काढली. बरणी तिथे आहे, हे इतके महिने कांद्यांत निजून मला माहीत नव्हतं. गल्लीत घरोघर वाटले. तंदूरवाल्याने विचारलं, "लग्न कुणाचं?" ही म्हणाली, "दोन सरकारांनी आमच्या मुलाचं ठरवलं होतं, ते आम्ही मोडलं. त्याची ही मिठाई समज." तंदूरवाला अजून विचार करतोय.

जजसाहेबांच्या आईचं मला कळव. मी इथे त्यांच्यासाठी दुआ मागते. नाव माहीत नाही, म्हणून "तांबड्या गालाच्या मुलाची आई" एवढंच म्हणते.

आता एक सांगते. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे उंबऱ्यावरून पाणी ओततात, म्हणजे तो सुखरूप परत येतो, हे तुला माहीत आहे. तुझ्या मागे मी ओतलं नव्हतं. तू मागच्या दाराने पळालास, आणि पळणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं तर त्याच्या पावलांचा माग दिसतो. ओली जमीन राहते ना. म्हणून मी तांब्या हातात धरून नुसती उभी राहिले होते. आजवर तू पळतच होतास. परवा थांबलास. म्हणून आज मी झेबोगुलच्या दारात गेले, पुढच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर, आणि तांब्या भरून पाणी ओतलं. म्हटलं, जा बाळा, आता नीट जा. त्या देशात घर कर, म्हातारा हो, आणि कधीतरी इथली माणसं माणसात आली की पाहुणा म्हणून पुढच्या दाराने ये.

वाऱ्याने निम्मं पाणी तंदूरवाल्याच्या अंगावर गेलं. झेबोगुल कमरेवर हात ठेवून बघत होती. मला वाटलं, आता ओरडणार, या दिवसांत पाण्याची केवढी टंचाई. ती म्हणाली, "एवढ्याशा पाण्यावर कुणी परत येतं का?" आणि आतून बादली घेऊन आली.

तुझी,
माहजबीन खाला